काजळी आणि सुवर्णपदक : एका विद्यापीठीय पत्रकारिता पुरस्काराचा इतिहास कसा वाचावा?

१/ १० जानेवारी १९७८. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा. सकाळी आपल्या दैनिकाच्या कार्यालयाकडे निघालेल्या एका संपादकाची मोटार भर रस्त्यात अडवण्यात आली आणि त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. संपादकाचे नाव पेद्रो होआकिन चामोरो. दैनिकाचे नाव ‘ला प्रेन्सा’. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एक सुवर्णपदक दिले होते. ते पदक त्यांना वाचवू शकले नाही. मग अशा पदकांचा उपयोग तरी काय? मित्रहो, आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे. 🧵

२/ पदकाचे नाव मारिया मूर्स कॅबट पुरस्कार. स्थापना १९३८, पहिले वितरण १९३९. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतील पत्रकारितेसाठी कोलंबिया विद्यापीठ तो देते. पत्रकारितेतील सर्वांत जुना आंतरराष्ट्रीय पुरस्कार अशी त्याची ख्याती आहे. त्याच विद्यापीठाचा पुलित्झर पुरस्कार आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. हे धाकटे भावंड मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुलित्झरच्या आधी याचीच यादी वाचावी. का, ते पुढे सांगतो.

३/ प्रथम दात्याची ओळख करून घेऊ. गॉडफ्री लोवेल कॅबट, जन्म १८६१, बोस्टनच्या अतिप्रतिष्ठित घराण्यातील. त्यांनी १८८२ साली धंदा सुरू केला तो काजळीचा. नैसर्गिक वायू अपुऱ्या हवेत जाळायचा, ज्योतीवर धरलेल्या धातूच्या पृष्ठभागावर जमलेली काजळी खरवडून घ्यायची आणि विकायची. पुढे मोटारींच्या टायरसाठी तिला प्रचंड मागणी आली. पण त्याआधी तिचे मोठे गिऱ्हाईक होते छापखान्याची शाई. ज्या पुरस्काराने वृत्तपत्रांचा गौरव व्हायचा होता, त्याची संपत्ती अशी वृत्तपत्राच्या काळ्या अक्षरांशी आधीपासूनच जोडलेली होती.

४/ कॅबट यांच्या पत्नी मारिया यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १९३८ मध्ये हा पुरस्कार उभा राहिला. दाता स्वतः १९६२ पर्यंत, वयाची १०१ वर्षे पूर्ण होईपर्यंत जगला. म्हणजे आपल्या पुरस्काराची पहिली २० हून अधिक वर्षे त्याने डोळ्यांनी पाहिली. इथपर्यंत कथा आपल्या परिचयाची आहे. धनिकाने पत्नीच्या नावे देणगी द्यावी आणि विद्यापीठाने ती साभार स्वीकारावी, असे आपल्या प्रत्येक शहरात घडत आले आहे. पण या कथेला एक विलक्षण गाठ आहे.

५/ बोस्टनमध्ये तेव्हा ‘वॉच अँड वॉर्ड सोसायटी’ नावाची एक संस्था होती. १८७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम म्हणजे समाजाच्या नीतीवर पहारा ठेवणे. ‘अश्लील’ पुस्तके शोधायची, विक्रेत्यांना धाक घालायचा, खटले भरायचे. १९२० च्या दशकात बोस्टनमधील पुस्तकबंदी इतकी कुप्रसिद्ध झाली की काही प्रकाशकांना ती पुस्तकाची फुकट जाहिरात वाटू लागली. या संस्थेचा मोठा आधारस्तंभ आणि खजिनदार कोण? तर गॉडफ्री लोवेल कॅबट.

६/ १९२६ सालची एक घटना पाहा. एच. एल. मेन्केन यांच्या ‘अमेरिकन मर्क्युरी’ मासिकातील एका लेखावर या संस्थेने आक्षेप घेतला. मेन्केन स्वतः बोस्टनला आले आणि त्यांनी भर चौकात, जमावासमक्ष, मासिकाचा तो अंक संस्थेच्याच सचिवाला विकला. मिळालेले अर्ध्या डॉलरचे नाणे खरे आहे की खोटे, हे पाहण्यासाठी दाताखाली धरून दाखवले! मेन्केन यांना अटक झाली आणि न्यायालयाने दुसऱ्या दिवशी त्यांना निर्दोष सोडले. एका संपादकाला अशी अटक करवणाऱ्या संस्थेचा खजिनदार बारा वर्षांनी संपादकांसाठी सुवर्णपदक स्थापन करतो. इतिहास असाच असतो. त्याला एकरंगी माणसे फारशी सापडत नाहीत.

७/ आता विद्यापीठाकडे वळू. कोलंबियाची पत्रकारिता शाळा १९१२ मध्ये सुरू झाली, जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून. अध्यक्ष होते निकोलस मरे बटलर, ज्यांनी १९०२ ते १९४५ अशी तब्बल ४३ वर्षे विद्यापीठ आपल्या मुठीत ठेवले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेच्या युद्धधोरणाला विरोध केल्याबद्दल विद्यापीठाने दोन प्राध्यापकांना काढून टाकले. निषेध म्हणून थोर इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. स्वातंत्र्याचा गौरव करू निघालेल्या संस्थेच्या स्वतःच्या पाटीवरही असे डाग होते.

८/ थोडे विषयांतर, पण आपल्या घरचे. १९१३ साली एक तरुण मराठी विद्यार्थी याच विद्यापीठात दाखल झाला आणि १९१६ पर्यंत तेथे शिकला: भीमराव रामजी आंबेडकर. तो पत्रकारिता शाळेचा विद्यार्थी नव्हता. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास हे त्याचे विषय. पण ३१ जानेवारी १९२० रोजी त्याने ‘मूकनायक’ काढले, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. मात्र आपल्या या विद्यार्थ्याने चालवलेल्या पत्रांची नोंद विद्यापीठाच्या कोणत्याही पत्रकारिता पुरस्काराच्या यादीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

९/ प्रश्न असा की १९३८ मध्येच दक्षिणेकडील पत्रकारांची आठवण का झाली? उत्तर काळात आहे. १९३३ पासून अध्यक्ष रूझवेल्ट ‘चांगला शेजारी’ हे धोरण राबवत होते. १९३३ मध्ये निकाराग्वातून आणि १९३४ मध्ये हैतीतून अमेरिकी फौजा परतल्या. मार्च १९३८ मध्ये मेक्सिकोने परकीय तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, तरी वॉशिंग्टनने सैन्य धाडले नाही. दुसरीकडे जर्मनी आणि इटलीचा प्रचार लॅटिन अमेरिकेत जोरात होता. मने जिंकण्याची स्पर्धा सुरू झाली होती. फौजेने जे साधले नव्हते, ते सदिच्छेने साधायचे होते.

१०/ म्हणून पुरस्काराचा घोषित हेतू पाहा: अमेरिका खंडांतील देशांमध्ये परस्परसामंजस्य वाढवणे. शब्द गोड आहेत. पण सामंजस्य कोणाचे, कोणाशी आणि कोणाच्या अटींवर? हे प्रश्न त्या शब्दांत दडलेले आहेत. अनेक तरुण मित्र इथेच निकाल देऊन मोकळे होतात: ‘म्हणजे हा अमेरिकी साम्राज्यवादाचा प्रचारपुरस्कार!’ मला हा निकाल घाईचा वाटतो. आरंभाचा हेतू कळला म्हणजे संस्थेचा इतिहास कळला, असे होत नाही. बी कोणी पेरले हे महत्त्वाचे आहेच. पण झाडाला पुढे फळे कोणती लागली, हेही पाहावे लागते.

११/ १९३९ चे पहिले मानकरी पाहू. अर्जेंटिनाच्या ‘ला प्रेन्सा’चे होसे सान्तोस गोयान (नाव तेच, पण हे निकाराग्वाचे नव्हे, ब्वेनोस आइरेसचे दैनिक) आणि पेरूच्या ‘एल कोमेर्सियो’चे लुईस मिरो केसादा. दोन्ही पत्रे जुनी, श्रीमंत, प्रतिष्ठित. ‘एल कोमेर्सियो’ १८३९ चे, म्हणजे आपल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पेक्षा सातच वर्षांनी धाकटे. ‘ला प्रेन्सा’ १८६९ चे. दोन्हींची मालकी बड्या घराण्यांकडे. सुरुवातीच्या दशकांत हा पुरस्कार प्रामुख्याने अशा मालक-संपादकांच्या वर्तुळात फिरत राहिला. धुळीत हिंडणारा बातमीदार त्या वर्तुळात क्वचितच दिसे.

१२/ पण ‘बडी घराणी’ म्हटल्याने गोष्ट संपत नाही. लुईस मिरो केसादा संपादकपदी आले ते भावाच्या खुनानंतर. १९३५ साली लिमामध्ये त्यांचे भाऊ आंतोनिओ आणि भावजय यांची एका राजकीय विरोधकाने हत्या केली होती. ‘एल कोमेर्सियो’ त्या काळी पेरूच्या उच्चभ्रू वर्गाची बाजू कडवटपणे मांडत असे, हेही खरे. आणि त्या बाजूची किंमत त्या घराने रक्ताने मोजली, हेही खरे. एक सत्य सांगताना दुसरे झाकायचे नाही, एवढी शिस्त आपण पाळली पाहिजे.

१३/ पुढे काय झाले? १९५१ मध्ये अर्जेंटिनात हुआन पेरॉन यांच्या सरकारने ‘ला प्रेन्सा’ ताब्यात घेऊन कामगार महासंघाच्या हवाली केले. पेरॉन यांची सत्ता गेल्यावरच ते मूळ मालकांना परत मिळाले. १९७४ मध्ये पेरूच्या लष्करी सरकारने ‘एल कोमेर्सियो’ जप्त केले. ते परत मिळायला १९८० उजाडावे लागले. म्हणजे पहिल्याच वर्षी गौरवलेली दोन्ही पत्रे पुढे सरकारजमा झाली! एक लोकांनी निवडून दिलेल्या नेत्याकडून, दुसरे सुधारणावादी म्हणवणाऱ्या सेनापतींकडून. दोघांनीही ‘जनतेच्या नावाने’च हे केले.

१४/ आता सर्वांत अवघड भाग. ग्वाटेमाला, १९५४. हाकोबो आर्बेन्स यांच्या निर्वाचित सरकारने १९५२ मध्ये जमीनसुधारणा कायदा केला आणि ‘युनायटेड फ्रूट’ या अमेरिकी केळी कंपनीची पडीक जमीन त्याच्या कक्षेत आली. जून १९५४ मध्ये सीआयएने घडवलेल्या कटात आर्बेन्स यांना पायउतार व्हावे लागले. या कंपनीचे १९४८-४९ मधील अध्यक्ष होते थॉमस कॅबट. १९५३ ते मार्च १९५४ या काळात अमेरिकी परराष्ट्र खात्यात लॅटिन अमेरिकेचे सहायक सचिव होते जॉन मूर्स कॅबट. दोघेही गॉडफ्री आणि मारिया यांचे पुत्र.

१५/ या प्रकरणात पत्रकारितेने काय केले? प्रसिद्धितज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी ‘युनायटेड फ्रूट’साठी अमेरिकी पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने ग्वाटेमालाच्या सहली घडवल्या आणि ‘साम्यवादी धोका’ वृत्तपत्रांच्या स्तंभांत पोहोचवला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बातमीदार सिडनी ग्रूसन यांच्याविषयी सीआयएप्रमुख ॲलन डलेस यांनी तक्रार केली आणि ऐन उठावाच्या दिवसांत मालकांनी ग्रूसन यांना ग्वाटेमालापासून दूर ठेवले. ज्या ‘परस्परसामंजस्या’साठी मारिया कॅबट यांच्या नावे पदक दिले जात होते, त्याचा खरा कस तेव्हा लागायचा होता. त्या कसोटीला त्या देशातील मोठी वृत्तपत्रे उतरली नाहीत.

१६/ इथे थांबलो असतो, तर हा थ्रेड सोपा झाला असता: काळा पैसा, दुटप्पी दाता, साम्राज्याची सोय, संपले! पण यादी पुढे वाचा. मार्च १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. माणसे घरातून उचलली जात आणि पुन्हा दिसत नसत. बेपत्ता झालेल्यांविषयी छापायचे नाही, असा दंडक. बडी स्पॅनिश दैनिके बहुतांशी गप्प. बोलले ते एक लहानसे इंग्रजी दैनिक, ‘ब्वेनोस आइरेस हेरल्ड’. त्याचे संपादक रॉबर्ट कॉक्स.

१७/ कॉक्स यांची युक्ती साधी होती. हरवलेल्या मुलाची आई कार्यालयात आली की ते तिला आधी न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज दाखल करायला सांगत. अर्ज दाखल झाला की तो न्यायालयीन दस्तऐवज. मग त्याची बातमी छापायला कायदेशीर आधार मिळे. अशा रीतीने नावे छापली जाऊ लागली. नाव छापून आले की त्या माणसाला गुपचूप नाहीसे करणे थोडे अवघड होई. १९७७ मध्ये कॉक्स यांना अटक झाली. १९७८ मध्ये त्यांना कॅबट पुरस्कार मिळाला. १९७९ च्या अखेरीस, कुटुंबाला आलेल्या धमक्यांनंतर, त्यांना देश सोडावा लागला.

१८/ आणि १९७७ मध्ये चामोरो. निकाराग्वात सोमोसा घराणे १९३० च्या दशकापासून अमेरिकेच्या आशीर्वादाने राज्य करत होते. चामोरोंनी तुरुंग भोगला, हद्दपारी भोगली, तरी लिहिणे सोडले नाही. गरिबांचे रक्त विकत घेऊन त्यातील प्लाझ्मा परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचा धंदा त्यांच्या पत्राने चव्हाट्यावर आणला होता. त्यांच्या हत्येनंतर हजारो लोक रस्त्यावर आले, ती इमारत पेटवली गेली, आणि दीड वर्षात, जुलै १९७९ मध्ये, सोमोसा देश सोडून पळाला. वॉशिंग्टनने अनेक दशके पोसलेल्या सत्तेच्या शत्रूला कोलंबियाने पदक दिले होते, हे विसरता येणार नाही.

१९/ चामोरो घराची पुढची कथा कादंबरीला लाजवील. क्रांतीनंतर मुलगा कार्लोस फेर्नांदो हा सत्ताधारी सांदिनिस्तांच्या मुखपत्राचा, ‘बारिकादा’चा संपादक झाला. आई व्हिओलेता आणि ‘ला प्रेन्सा’ विरोधात. क्रांतिकारी सरकारने १९८६-८७ मध्ये ‘ला प्रेन्सा’ बंद ठेवले. १९९० मध्ये व्हिओलेता यांनी दानिएल ओर्तेगा यांना हरवून राष्ट्राध्यक्षपद मिळवले. पुढे मुलाचा भ्रमनिरास झाला. १९९६ मध्ये त्याने ‘कॉन्फिदेन्सियाल’ हे स्वतंत्र पत्र काढले. २०१० मध्ये, वडिलांनंतर ३३ वर्षांनी, त्यालाही कॅबट पुरस्कार मिळाला.

२०/ २००७ पासून ओर्तेगा पुन्हा सत्तेत. डिसेंबर २०१८ मध्ये ‘कॉन्फिदेन्सियाल’च्या कार्यालयावर छापा पडला; कार्लोस फेर्नांदो यांना कोस्टा रिकात आश्रय घ्यावा लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस ‘ला प्रेन्सा’त शिरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने ज्या ९४ जणांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांत कार्लोस फेर्नांदोही होते. बापाला उजव्या हुकूमशाहीत मारले, मुलाला डाव्या म्हणवणाऱ्या राजवटीने देशाबाहेर काढले. ‘आमच्या बाजूचे’ सरकार आले की पत्रकार सुरक्षित होतो, असे मानणाऱ्यांनी हे घर डोळ्यांसमोर ठेवावे.

२१/ आणखी एक नाव. होसे रुबेन सामोरा, ग्वाटेमाला. मे १९९३ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी संसद बरखास्त करून सेन्सॉरशिप लादली. सामोरांचे दैनिक होते ‘सिग्लो व्हेइन्तिउनो’, म्हणजे ‘एकविसावे शतक’. त्यांनी अंक काढला तो ‘चौदावे शतक’ या नावाने, आणि सेन्सॉरने कापलेल्या जागा काळ्याकुट्ट छापून! वाचकांना जे समजायचे ते समजले. १९९५ मध्ये त्यांना कॅबट पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्यांनी ‘एल पेरिओदिको’ काढले. २९ जुलै २०२२ रोजी त्यांना अटक झाली आणि मे २०२३ मध्ये ते पत्र बंद पडले. १९५४ मध्ये ज्या देशाविषयी कॅबट बंधूंच्या वर्तुळाने वेगळीच कहाणी रचली, त्याच देशाचा एक निर्भय संपादक मारिया कॅबट यांच्या पदकाचा मानकरी ठरला.

२२/ प्रतिवादही मांडतो, कारण तो खरा आहे. २००९ मध्ये क्यूबाच्या ब्लॉगलेखिका योआनी सांचेस यांना विशेष गौरव मिळाला. हवानाने त्यांना तो घ्यायला देशाबाहेर जाऊ दिले नाही. क्यूबा आणि ओर्तेगांचा निकाराग्वा यांच्या विरोधकांना गौरवणे अमेरिकेत सोयीचेच आहे, असे कोणी म्हणेल. चामोरो आणि कॉक्स यांच्या वेळीही अध्यक्ष कार्टर मानवी हक्कांची भाषा बोलत होते, असेही म्हणता येईल. मान्य. परंतु सोय असली म्हणून धैर्य खोटे ठरत नाही. योआनी सांचेस यांना अडवणारे सरकार खरे होते आणि कॉक्स यांनी छापलेली नावेही खरी होती.

२३/ माझे मत आता स्पष्ट मांडतो. पुरस्काराच्या इतिहासाचे तीन थर असतात. पहिला थर दात्याचा: पैसा कुठून आला, कशासाठी दिला. दुसरा निवडणाऱ्यांचा: त्यांनी कोणाला निवडले, कोणाला वगळले आणि आपल्याच सत्तेला गैरसोयीची नावे घेण्याची हिंमत केव्हा दाखवली. तिसरा थर मानकऱ्यांचा: पदकानंतर त्यांचे काय झाले. पहिल्याच थरावर थांबणारा उपहासाकडे जातो आणि फक्त तिसरा वाचणारा भाबड्या गौरवाकडे. इतिहास वाचायचा तर तिन्ही थर एकावर एक ठेवूनच वाचावा लागतो.

२४/ पदक ढाल नसते; मानाग्वाच्या त्या सकाळने ते सिद्ध केले. मग ते काय असते? ते एक नोंद असते. अमुक वर्षी, अमुक देशात, बाकीचे गप्प असताना हा माणूस बोलत होता, आणि हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होते, अशी दिनांकित नोंद. पुढे कोणतीही राजवट ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणू लागली की ही नोंद पुढे करता येते. माझ्या दृष्टीने विद्यापीठाने पत्रकारितेचा पुरस्कार देण्याचे हेच एक सबळ कारण आहे. हारतुरे आणि शाल देण्याचे काम इतर कोणीही करू शकते.

२५/ म्हणून आपल्याकडच्या विद्यापीठांविषयीही हाच प्रश्न विचारावासा वाटतो. पत्रकारिता विभाग आपल्याकडे आहेत, कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली पारितोषिकेही आहेत. त्यांच्या याद्या कोणी सलगपणे वाचल्या आहेत का? मानकरी जिल्ह्याचा बातमीदार होता की राजधानीतला संपादक? स्त्री होती का? त्या वर्षीची सर्वांत गैरसोयीची बातमी कोणी दिली होती आणि त्याचे नाव यादीत आहे का? एखाद्या वर्षी पुरस्कार दिलाच गेला नसेल, तर का? जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात वार्षिक अहवाल असतात. एक रविवार द्या, आणि पाहा काय हाती लागते.

२६/ आणि यादीत जे नाही, तेही शोधा. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ १९२३ पर्यंतच तग धरू शकले. त्याला ना मोठ्या घराण्याची मालकी होती, ना काजळीच्या कारखान्याची पुंजी. ज्यांना कोणतेच व्यासपीठ नव्हते, त्यांच्यासाठी ते पत्र निघाले होते. आणि अशा पत्रांकडे पदके उशिरा येतात किंवा येतच नाहीत. कोलंबियाने ‘एल कोमेर्सियो’च्या मालकाला पहिल्या वर्षी गौरवले, हा इतिहास आहे. कोलंबियाच्याच एका विद्यार्थ्याने मुंबईत तुटपुंज्या साधनांनी पत्र चालवले आणि ते बंद पडले, हाही इतिहासच. पहिला यादीत सापडतो. दुसरा आपण शोधायचा असतो.

२७/ गॉडफ्री कॅबट यांना पुस्तकांचा धाक होता आणि वृत्तपत्रांचे कौतुकही. त्यांच्या काजळीने शाई झाली. त्या पैशातून पदक झाले. आणि ते पदक शेवटी पोहोचले अशा संपादकाकडे, ज्याने सेन्सॉरने कापलेल्या जागा काळ्या शाईने भरून दाखवल्या. दात्याने हे योजले नव्हते. संस्था आपल्या संस्थापकांपेक्षा मोठ्या होऊ शकतात, त्यांच्यापेक्षा लहानही होऊ शकतात. कोणत्या वर्षी कोणती झाली, हे तपासणे आपले काम.

तुमच्या गावच्या, तुमच्या विद्यापीठाच्या अशा एखाद्या पुरस्काराची यादी हाती लागली तर खाली जरूर लिहा. ज्याचे नाव त्या यादीत असायला हवे होते आणि नाही, तेही लिहा.

(थ्रेड समाप्त) 🙏